साळवे साहेबांनी नाकारलेलं विमान

‘रागीट होते, पण मनानं फार चांगले होते.’

साळवे साहेब गेल्याची बातमी आमच्या फ्लाइंग स्कूलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, त्या दिवशी हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की शेवटी डोकं उठलं. ज्यांना त्यांनी हँगरमधून हाकलून दिलं होतं त्यांनी लिहिलं, आणि ज्यांनी त्यांना हाकललं त्यांनीही लिहिलं. स्कूलचे मालक भाऊसाहेब यांनी तर फुलांच्या चौकटीत त्यांचा फोटो बसवून खाली ‘संस्थेचा आधारस्तंभ हरपला’ असं टाकलं. आधारस्तंभ! ज्या माणसाला तुम्ही भर कार्यक्रमात, पोरांच्या देखत घालूनपाडून बोललात, तो आधारस्तंभ कधी झाला? हे ग्रुपवर लिहायला माझी बोटं शिवशिवत होती. लिहिलं मात्र नाही. मी जोडलेले हात टाकले आणि फोन पालथा ठेवला.

आणि तो ‘पण’ मला सगळ्यात जास्त झोंबतो. रागीट होते, पण. जसा काही राग म्हणजे त्यांच्या शर्टावरचा डाग होता आणि आपण मोठ्या मनानं तो पोटात घालतोय. साळवे साहेबांमधून राग काढून टाकला तर साळवे साहेब उरतच नाहीत. म्हणून म्हटलं, त्यांच्या रागाबद्दलच नीट लिहावं. गोडगोड लिहायला बाकीचा ग्रुप आहे.

मी या स्कूलच्या ऑफिसात चौदा वर्षं आहे. शहराच्या विमानतळाच्या मागच्या अंगाला आमचं पत्र्याचं हँगर आणि त्याला लागून दोन खोल्यांचं ऑफिस. प्रवेशाचे अर्ज, कागदपत्रं, आणि रोज सकाळी कोणत्या विद्यार्थ्यानं कोणत्या विमानात किती वाजता बसायचं त्याचा तक्ता, ही माझी कामं. साळवे साहेब विमानाचे इंजिनिअर. विमान बाहेर काढायच्या आधी त्यांनी ते तपासायचं आणि कागदावर सही करायची. ती सही नसेल तर विमान जागचं हलत नाही. नऊ वर्षं मी ती सही रोज पाहिली. शाळेतल्या मुलानं काढावी तशी सरळ, सुटी अक्षरं. एकदा मी थट्टेनं म्हटलं, ‘साहेब, सही कशी गिचमिड पाहिजे, मोठ्या माणसासारखी.’

‘ताई,’ ते म्हणाले, ‘उद्या काही झालं तर कुणी सही केली ते इचारायला लोकं येतेल. त्यायला वाचता नको का यायला?’

अंगानं बारीक, ताठ, डोक्यावर सुती टोपी. उजव्या खिशात दांडीला लावलेला छोटा आरसा, दातांच्या डॉक्टरकडं असतो तसा. डाव्या खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. मूळचे पाचोडचे. वडील तिथल्या आठवडी बाजारात स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायला बसायचे. साहेब हवाई दलात भरती झाले, तिथं इंजिनं शिकले, बाहेर पडल्यावर अभ्यास करून लायसन्स काढलं आणि छावणीत घर केलं. रविवारी सकाळी विहारात जायचे, तेवढा वेळ फोन बंद. यापलीकडं त्यांनी स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

‘चालतंय की’ हे शब्द त्यांच्यापुढं उच्चारायची सोय नव्हती. चाकात हवा जरा कमी आहे, पण चालतंय की. दरवाजाची कडी सैल आहे, चालतंय की. एवढं कुणी बोललं की साहेब हातातलं काम खाली ठेवायचे आणि टोपी काढायचे. टोपी निघाली की समजायचं. ‘कुणाला चालतंय? तुह्या आईला इचारलंस का? लाव फोन. मी बोलतो तिच्याशी.’ आणि खरंच फोन लावायला लावायचे. एका मुलानं लावला. पलीकडून आई बोलली तर साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘काई नाय माय, पोरगं बरं हाय. जेवण बराबर करायलंय.’ फोन ठेवला आणि परत पोरावर ओरडायला सुरुवात.

नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात त्याला विमानाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. इंजिनाचा जुना ऑइल फिल्टर त्याच्या हातात द्यायचे, करवतीनं कापायला लावायचे आणि आतला घडीचा कागद पांढऱ्या ताटात उलगडून त्यावर चुंबक फिरवायला लावायचे. इंजिन आतून झिजत असेल तर त्याची बारीक चमक त्या कागदावर सापडते. तीन-तीन तास पोरं वाकून बसायची. बड्या घरच्या पोरांची नखं काळी व्हायची आणि चेहरे त्याहून काळे. ‘पायलट व्हायला आलोय का मेकॅनिक?’ असं एकानं कुरकुरत विचारलं. साहेब म्हणाले, ‘ज्याच्या भरोशावर वर जायलास त्याचं पोट बघितलं की काय बिघडतंय?’

आमच्याकडं तेव्हा एकच विमान होतं. दोन आसनी, म्हातारं, पण साहेबांच्या हातातलं. आणि विद्यार्थी होते तीस-एकतीस. व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला दोनशे तास उडावं लागतं. एका विमानावर एवढ्या पोरांचे दोनशे-दोनशे तास कधी व्हायचे, याचा हिशेब पाचवीतलं पोरगंही करेल. भाऊसाहेब करत नव्हते. ते प्रवेश देत होते. पोरं सहा-सहा महिने गणवेश घालून हँगरच्या सावलीत बसायची, मोबाइल खेळायची आणि घरी सांगायची की ट्रेनिंग जोरात चाललंय. मी त्यांची नावं तक्त्यात पुढच्या आठवड्यावर ढकलायची. माझा जीव तुटायचा, पण ढकलायची.

एकदा परभणीचे एक गृहस्थ मुलाच्या प्रवेशासाठी आले होते. भाऊसाहेब त्यांना दीड वर्षात लायसन्सची हमी देत होते. साहेब तेलकट हातानं थेट केबिनमध्ये आले आणि त्या गृहस्थांना म्हणाले, ‘काका, इमान एक हाय अन् पोरं एकतीस. तुमचं बत्तिसावं. त्याचा नंबर कवा येईल ते लिहून घ्या यांच्याकडून.’ गृहस्थ चहा अर्धा ठेवून उठले. भाऊसाहेब लालबुंद झाले. ‘साळवे, तुम्ही माझ्या पोटावर पाय द्यायलेत.’ साहेब म्हणाले, ‘दुसरं इमान घ्या. पाय काढतो.’

हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळीकडं असं पसरवलं गेलं की साळवेंना प्रत्येक गोष्टीत खोडा घालायची सवय होती. साफ खोटं. दुसरं विमान घ्या म्हणून दोन वर्षं भाऊसाहेबांच्या मागं लागलेला एकच माणूस त्या जागेत होता, आणि तो साळवे साहेब.

शेवटी भाऊसाहेब तयार झाले. नवं विमान परवडणारं नव्हतं, जुनं बघायचं ठरलं. आणि इथंच सगळी माती झाली, कारण जुन्या वस्तू विकत घेण्यात भाऊसाहेब स्वतःला उस्ताद समजतात. घरची मोठी शेती, त्यात जुन्या जीप आणि ट्रॅक्टरचा शोरूम. जुनी गाडी घेताना ते एकच प्रश्न विचारतात, ‘किती चालली?’ कमी चाललेली गाडी चांगली, जास्त चाललेली भंगार. ट्रॅक्टरला हे लागू पडतंय की नाही मला माहीत नाही. पण विमानाच्या बाबतीत साळवे साहेबांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. ‘उडणारं इमान घ्या,’ ते सांगायचे. ‘रोज उडणारं. उभं राहिलेलं इमान फुकट दिलं तरी नगं.’

दोन विमानं नजरेत होती. भाऊसाहेब, साहेब आणि टिपणं घ्यायला मी, असे तिघं बघायला गेलो.

पहिलं विदर्भात, एका बंद होत चाललेल्या क्लबकडं. रंगाचे पोपडे निघालेले, सीट फाटलेल्या, खिडकीची काच पिवळी. भाऊसाहेबांनी दुरून बघूनच तोंड वाकडं केलं. साहेबांनी विमानाकडं ढुंकूनही बघितलं नाही. आधी त्याच्या वह्या मागितल्या. विमानाचा जन्मापासूनचा इतिहास त्या वह्यांत असतो, कधी उडालं, काय बदललं, कुणी तपासलं. साहेब चिंचेखाली बसून दुपारपर्यंत पान न् पान वाचत राहिले. मग चादर अंथरून विमानाखाली आडवे झाले. आरसा, टॉर्च, चुंबक. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा केसांत कचरा आणि तोंडावर हसू. नऊ वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

‘हे घ्या.’

‘हे?’ भाऊसाहेब ओरडले. ‘साळवे, हे तर एसटीच्या लाल डब्यासारखं दिसायलंय! अन् चाललंय किती बघा!’

‘एसटीच पायजे आपल्याला. रोज टायमाला निघाली पायजे. लई उडालंय, व्हय. परवापर्यंत उडालंय. ज्यानं सांभाळलं त्यानं जिवापाड सांभाळलं. सीट बदलू, काच बदलू. इंजिन कुठून आणताल?’

‘पालकांना काय दाखवू मी?’

साहेबांनी टोपी काढली. पण त्या दिवशी खूश होते, परत घातली.

दुसरं विमान समुद्राकाठच्या एका जुन्या धावपट्टीवर होतं. खासगी मालकाचं. हँगरचं दार सरकवलं आणि भाऊसाहेबांच्या तोंडून ‘वा!’ निघालं. पांढरंशुभ्र, निळी रेघ, आत चामड्याच्या सीट. दर दसऱ्याला पूजा व्हायची, नाकावर कुंकवाचं बोट अजून होतं. चार वर्षं जवळजवळ उडालेलंच नव्हतं, आणि हे मालक मोठ्या अभिमानानं सांगत होते. ‘पण इंजिन मोकळं ठेवलंय हं. आमचा वॉचमन दर सोमवारी प्रोपेलर हातानं दहा-वीस वेळा फिरवतो. एक सोमवार चुकला नाही.’

‘बघा साळवे, कसं जपलंय,’ भाऊसाहेब म्हणाले.

साहेबांचा चेहरा पडला. ‘जपलं नाय, मारलं,’ ते म्हणाले आणि त्या वॉचमनसमोरच समजावून सांगू लागले. इंजिनाच्या आत कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो. इंजिन चालू असेल तर ऑइल उडून त्याच्यावर बसतं. उभं राहिलं की ऑइल निथळून खाली जातं, वर नुसता पातळ थर उरतो. वॉचमन हातानं प्रोपेलर फिरवायचा तेव्हा तो थरसुद्धा पुसला जायचा, आणि नवं ऑइल वर चढायचं नाही, कारण तेवढ्या फिरवण्यानं ते चढतच नाही. उघड्या पडलेल्या लोखंडाला खारी हवा. चार वर्षं, दर सोमवारी. वॉचमन बिचारा हात मागं लपवून उभा राहिला. साहेब त्याला म्हणाले, ‘तुमचा काई दोष नाय बाबा. तुम्हाला कुणी सांगितलं नाय.’

मग मालकाकडं वळून म्हणाले, ‘एक सिलिंडर काढू द्या. आत टॉर्च मारून तो दांडा बघतो. अर्ध्या दिवसाचं काम हाय. चांगलं निघालं तर मी सोता भाऊसाहेबांना घ्या म्हणतो.’

मालक नाही म्हणाले. चांगल्या इंजिनाला उगाच हात लावू देणार नाही म्हणाले. भाऊसाहेबही म्हणाले, बरोबर आहे त्यांचं.

ऑफिसला येऊन साहेबांनी मला अहवाल सांगितला, मी टाइप केला. शेवटचं वाक्य होतं, ‘आत पाहू दिल्याशिवाय हे विमान प्रशिक्षणासाठी घेऊ नये.’ खाली ती सुटी अक्षरांची सही. भाऊसाहेबांनी कागद वाचला आणि मला म्हणाले, ‘फाइलला लावू नका. राहू द्या तुमच्या ड्रॉवरमध्ये.’ मी ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला येताना क्रांती चौकात बघते तो काय, भलामोठा फ्लेक्स. पांढरंशुभ्र विमान, निळी रेघ, वर भाऊसाहेबांचा नमस्कार करतानाचा फोटो आणि ‘प्रवेश सुरू’. छापून, चौकातली परवानगी काढून लावायला चार-पाच दिवस तरी लागले असतील. म्हणजे आम्ही ज्याला तपासणी समजत होतो ती नुसती सहल होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही मी ऑफिसला गेले, संगणक चालू केला आणि नव्या प्रवेशाचे फॉर्म छापले.

विमान आलं. मंडप, बँड, हार, पेढे. भाऊसाहेबांनी साळवे साहेबांना पुढं बोलावलं आणि कागद समोर धरला. पोरं टाळ्या वाजवत होती.

‘सिलिंडर काढतो, बघतो, मग सही,’ साहेब म्हणाले.

‘आज मुहूर्त आहे, साळवे. पाहुणे बसलेत.’

‘मग पाहुण्यायला सांगा सही करायला.’

टाळ्या थांबल्या. भाऊसाहेब हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘तुमच्या लोकांना नाही म्हणायलाच शिकवलंय कुणीतरी.’

मंडपात पन्नास-साठ माणसं होती. सुशिक्षित, इस्त्रीच्या कपड्यांतली. एकानं मान वर केली नाही. मीही नाही. साहेबांनी टोपी काढली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘व्हय, शिकवलंय. आधी वाचायला शिकवलं, मंग नाय म्हणायला.’ आत गेले, हत्यारांची पेटी स्कूटरला बांधली आणि निघून गेले. मागून बँडवाल्यांनी परत वाजवायला सुरुवात केली.

महिन्याभरात दुसरा इंजिनिअर आला. तरुण, सरळ मुलगा. वरवरच्या तपासणीत सगळं नियमात बसत होतं, सिलिंडर काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि फिल्टर कापून बघायची पद्धत साहेबांबरोबरच गेली होती. त्यानं सही केली आणि विमान उडायला लागलं. आणि काही झालं नाही. एक महिना, सहा महिने, दीड वर्ष, काही झालं नाही. पोरांचे तास होऊ लागले, पालक खूश. भाऊसाहेब येता-जाता म्हणायचे, ‘कुठं गेले तुमचे साळवे? पडलं का इमान?’

आता माझं सांगते. इतका वेळ दुसऱ्यांवर राग काढला, तो सोपा होता.

माझ्या बहिणीची मुलगी मृण्मयी साहेब असल्यापासून याच स्कूलमध्ये शिकत होती, माझ्या घरी राहून. दोन विमानांचा तक्ता रोज मी करायची. जुन्या विमानावर कोण, नव्या विमानावर कोण, हे माझ्या पेनाच्या टोकावर. आणि मी मृण्मयीचं नाव कधीही त्या पांढऱ्या विमानापुढं लिहिलं नाही. एकदाही नाही. जुनं विमान साहेबांनी नऊ वर्षं वाढवलेलं होतं, त्यावर माझा भरोसा होता. तिचा वार आला की जुनं. जुनं दुरुस्तीला असेल तर तिला ताप आलेला असायचा. तिला शंका यायची, ‘मावशी, मला नव्यावर का नाही?’ मी तिला गप्प बसवायची. साहेबांचा अहवाल माझ्या ड्रॉवरमध्ये होता, त्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ होतं, आणि रोज सकाळी मी त्या वाक्याच्या वरच बसून दुसऱ्यांच्या पोरांची नावं त्या विमानापुढं लिहीत होते. कुणी मला सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांनाही माहीत नव्हतं.

एकदा छावणीच्या बाजारात साहेब भेटले. पिशवीत मेथीची जुडी. मी वाट बदलणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. स्कूलचं काही विचारलं नाही. ‘भाची कशी हाय? तास किती झाले तिचे?’

‘दीडशे झाले, साहेब.’

‘अरे वा! कोणत्यावर उडती?’

‘दोन्हीवर,’ मी म्हटलं.

‘जपा ताई तिला,’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्त्यात तिचं नाव परत जुन्यापुढंच लिहिलं.

दोन वर्षांनी पोरं सांगू लागली की नवं विमान वर चढायला वेळ लावतंय. आता ते विकायची वेळ झाली, हे भाऊसाहेबांनी लगेच ओळखलं. जुन्या वस्तू विकण्यातही ते उस्ताद आहेत. दुसऱ्या राज्यातली एक स्कूल ते घ्यायला तयार झाली, फोटो बघूनच भाळली. फक्त त्यांच्या माणसानं फोनवर विचारलं, ‘तुमच्याकडे ते साळवे म्हणून इंजिनिअर होते ना? त्यांची सही असेल तर आम्ही डोळे झाकून घेतो.’

निर्लज्जपणाला मर्यादा असते असं मला तोवर वाटायचं. भाऊसाहेबांनी स्वतः फोन केला, ‘साहेब’ म्हणून बोलले, घ्यायला गाडी पाठवतो म्हणाले. साळवे साहेब गाडीतून आले नाहीत. आपल्या स्कूटरवर आले, तीच पेटी बांधून. वाळले होते. माझ्या ऑफिसच्या दारातून मान हलवली आणि सरळ विमानाकडं गेले.

‘सिलिंडर काढणार. चालंल?’

आता भाऊसाहेबांना नाही म्हणता येईना.

दुपारपर्यंत तरुण इंजिनिअरला हाताशी घेऊन त्यांनी सिलिंडर काढला. मला कागद घेऊन बोलावलं होतं. साहेबांनी आत टॉर्च धरला आणि त्या मुलाला म्हणाले, ‘बोट घाल. हळू.’ मुलानं बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. मलाही दाखवलं. जो दांडा आरशासारखा गुळगुळीत असायला हवा, त्याच्या अंगावर मुळात असतात ते उंचवटे गंजानं खाल्ले होते, कडा कुरतडल्यासारख्या. साहेबांनी फिल्टर कापला. ताटात उलगडलेला कागद नुसता चमकत होता.

‘हे इमान इकायचं नाय,’ ते म्हणाले. ‘उडवायचं पण नाय. इंजिन खोला.’

‘दोन वर्षं उडालं की हो साळवे!’ भाऊसाहेब म्हणाले. ‘काय झालं? एक तरी पोरगं पडलं का?’

‘नाय पडलं. नशीब चांगलं. नशिबावर मी सही करत नाय.’

भाऊसाहेब पाय आपटत निघून गेले. मला वाटलं, आता साहेबांची टोपी निघणार, दोन वर्षांचं सगळं बाहेर पडणार. मला ते हवं होतं. कुणीतरी त्या हँगरात ओरडायला हवं होतं. पण ते स्टुलावर बसले, हात फडक्याला पुसले आणि म्हणाले, ‘ताई, या इमानाचं रजिस्टर आणा. कोण कोण बसलं यात, त्यायची नावं वाचा.’

‘सगळी?’

‘सगळी. एकेक. पुरं नाव.’

मी रजिस्टर आणलं. वाचायला लागले. आकाश, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव. फरहान. पूजा. नांदेडची ती दोन भावंडं. प्रत्येक नावाला साहेब डोळे मिटून मान हलवत होते. मध्ये एकदाच विचारलं, ‘पूजा म्हंजी ती गंगाखेडची? गॉगलवाली?’ मी हो म्हटलं. तरुण इंजिनिअर भिंतीकडं तोंड करून उभा होता. पान उलटताना माझी बोटं कागदाला चिकटत होती, कारण आता शेवट जवळ आला होता आणि शेवटी काय होणार ते मला कळलं होतं. सत्तावीस नावं झाली.

‘झाली?’

‘झाली, साहेब.’

त्यांनी डोळे उघडले. ‘मृण्मयीचं नाव नाय आलं.’

मी रजिस्टर मिटलं. खोटं बोलायलासुद्धा काही शिल्लक नव्हतं. साहेबांनी एकदा रजिस्टरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी वाट बघत होते की आता ते मला बोलतील, जसं सगळ्यांना बोलायचे तसं, कडक, तोंडावर. ते रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

‘म्हंजी तुम्हाला माझं पटलं व्हतं,’ ते म्हणाले.

एवढंच. पेटी उचलली, नळावर हात धुतले, पेटी स्कूटरला बांधली. किक दोनदा मारावी लागली. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी आमच्या वॉचमनला हात केला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मृण्मयी आता मोठ्या विमानावर असते. ती सत्तावीस नावं मला पाठ आहेत, वडिलांच्या नावासकट, त्याच क्रमानं.